धवला कोणत्या खणात ठेवायचा?

अंजना रोकडेला नोकरी लागली ती तिच्या अक्षरामुळे. १९८५ साल होतं. मॅट्रिक होऊन, टायपिंगची एक परीक्षा देऊन ती अंबरनाथला घरीच बसली होती. तिचे वडील नाथा रोकडे काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला होते. त्यांना कुणीतरी सांगितलं की उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये टेकचंदशेठचं कॅसेटचं दुकान आहे, तिथं मराठी लिहिणारं माणूस हवंय. अंजना गेली. शेठनी तिच्यापुढं एक कोरं कार्ड आणि काळं पेन सरकवलं. तिनं आपलं नाव लिहिलं. शेठनी ते लांब धरून बघितलं, मग डोळ्यांजवळ आणून बघितलं.

"छापल्यासारखा हाय," ते म्हणाले. "उद्यापासून ये."

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. काउंटरमागं चार टेप एकमेकांना जोडून ठेवलेले. गिऱ्हाइकानं यादी आणायची, शेठनी एका कॅसेटवरून दुसरीवर गाणी भरायची आणि अंजनानं डबीतल्या कार्डावर त्यांची नावं लिहायची. भिंतीला पाच लाकडी खण होते: हिंदी, सिंधी, मराठी, भक्ती आणि कव्वाली. जे कशातच बसत नसे ते शेठ मराठीत टाकत, कारण त्यांना मराठी नीट वाचता येत नसे आणि न वाचता येणारं सगळं एका जागी राहिलेलं बरं, असं त्यांना वाटे.

अंजनाला लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही गोष्ट कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते तिला नेमकं हवं असे. शाळेत भूगोलाच्या बाईंना तिनं विचारलं होतं, "नदी संपून खाडी सुरू होते, ती रेघ कोण मारतं?" बाईंनी तिला खाली बसवलं होतं. दुकानात तिला खाली बसवणारं कुणी नव्हतं.

पहिल्याच महिन्यात बबन आला. वर्कशॉपात लेथवर काम करणारा, पण शनिवारी पांढरे बूट आणि कपाळाला रुमाल. तिनं दिलेली कॅसेट त्यानं दोन गाणी ऐकून परत ठेवली.

"ही डिस्को आहे, ताई. मला ब्रेक पाहिजे."

"फरक काय?"

बबननं तिच्याकडं दयेनं बघितलं. "डिस्कोत कंबर. ब्रेकमध्ये सांधे." आणि त्यानं काउंटरसमोर उभ्या उभ्या मनगट, कोपर, खांदा, असं एकेक मोडून दाखवलं. "आमच्या ग्रुपमध्ये डिस्कोवाल्याला घेत नाही. ती पोरं चाळीस नंबर सेक्शनची. त्यांचे केसपण वेगळे."

"आणि गाण्याचे शब्द?"

"शब्दांचं काय काम? पाय कुठं पडतो ते बघायचं."

अंजनाला हे फार आवडलं. गाण्याला नाव त्याच्या शब्दांवरून पडतं असं ती समजून चालली होती, आणि हा माणूस सांध्यांवरून नाव पाडत होता. तिनं शंभर पानी वही घेतली आणि गिऱ्हाइक गाण्याला काय म्हणतं, का म्हणतं, ते त्यात उतरवायला लागली. शेठ म्हणाले, "ये क्या, जनगणना?" पण कामात खोट नव्हती, तेव्हा त्यांनी पुढं काही म्हटलं नाही.

खरं भांडण झालं ते धर्मराज आणि बाळाजीचं. दोघं अंबरनाथचेच, अंजनाच्या वस्तीच्या पलीकडच्या अंगाला राहणारे. धर्मराज गायचा, बाळाजी पेटी वाजवायचा, आणि चौदा एप्रिलच्या आधी महिनाभर त्यांच्या गायन पार्टीला श्वास घ्यायला फुरसत नसे. त्यांनी आपला कार्यक्रम टेपवर घेतला होता आणि त्याच्या पन्नास कॉपी हव्या होत्या. शेठनी एक प्रत तयार करून भक्तीच्या खणात ठेवली. धर्मराजनं ती तिथं बघितली आणि त्याचा चेहराच बदलला.

"हे काय? देवाच्या आरत्यांशेजारी?"

"बाबासाहेब तुमचे मोठे ना? मग भक्तीच," शेठ म्हणाले. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं.

"शेठ, आम्ही बाबासाहेबांना देव मानत नाही. तेच तर आम्ही रात्रभर गाऊन सांगतो. ही भीमगीतं आहेत."

"कव्वाली आहे ही," बाळाजी मधेच बोलला. "चाल कव्वालीची, टाळी कव्वालीची, समोरासमोर दोन पार्ट्या बसून सवाल-जबाब करतात. मग कव्वाली नाही तर काय?"

"ते कसं गातो ते झालं. काय गातो ते सांग ना!"

"कसं गातो तेच लोक ऐकायला येतात. तुझं नुसतं भाषण ऐकायला आले असते का?"

धर्मराज लाल झाला. दोघं वीस वर्षं एकत्र गात होते आणि इतक्या वर्षांत हा प्रश्न कधी निघालाच नव्हता, कारण कार्डावर लिहायची वेळच आली नव्हती. अंजनानं शेवटी मोठ्या अक्षरात 'भीमगीते' लिहिलं आणि खाली बारीक 'कव्वालीच्या ढंगात'. बाळाजी म्हणाला, बारीक का? धर्मराज म्हणाला, ढंग कशाला? पण पन्नास कार्डं तशीच गेली.

घरी तिनं वडिलांना विचारलं. नाथा जेवत होते. "आमच्या लहानपणी त्याला जलसा म्हणायचे," ते म्हणाले. "गाणं, बोलणं, सोंग, सगळं त्यात. लोक हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे." तेवढ्यात राजाबाई आत्या आतून म्हणाली, "आणि आम्ही जात्यावर बाबासाहेबांचं नाव घ्यायचो, ते कुठं लिहिशील? त्याला तर कुणी टाळीपण देत नव्हतं." आत्याला अशा किती ओव्या येतात, हे अंजनाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. एकाच घरात आणखी दोन नावं निघाली होती.

मग तिनं एक उद्योग केला. धर्मराजच्या कार्यक्रमाच्या शेठनी दुकानासाठी काढलेल्या जादा कॅसेटी तिनं एक आठवडा मराठीच्या खणात ठेवल्या, एक आठवडा कव्वालीच्या. मराठीत त्या ओळखीच्या लोकांनी घेतल्या. कव्वालीच्या खणातून एक कॅसेट शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्यानं उचलली. चार दिवसांनी तो परत आला. अंजनाला वाटलं, आता हा बदलून मागणार. तो म्हणाला, "बेटी, बात किसी और की है, लेकिन ताली हमारी है. दूसरा भाग है क्या?" हे तिनं बाळाजीला सांगितलं, तेव्हा त्यानं पेटीवर हात ठेवतात तसा काउंटरवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ नुसता हसत राहिला.

चांगुणाबाई आली ती १९८८च्या मार्गशीर्षात. साठीची बाई, हिरवं लुगडं आगरी पद्धतीनं आखूड नेसलेलं, डोक्यावर वालाच्या शेंगांची रिकामी टोपली. बदलापूर गावातून बाजाराला आली होती. दुकानात येऊन तिनं काही मागितलं नाही. उभी राहून खणांकडं बघत राहिली.

"काय पाहिजे, आजी?"

"माजा आवाज," ती म्हणाली.

अंजनाला कळेना. मग हळूहळू उलगडा झाला. कात्रपच्या बाजूला एका रिक्षात चांगुणाबाईनं स्वतःला गाताना ऐकलं होतं. रिक्षावाल्याला तिनं विचारलं, ही कोन गातं? तो म्हणाला, कॅसेट आहे, उल्हासनगरात मिळते. दुकानाचं नाव त्यानंच सांगितलं होतं.

अंजनानं शोधून ती कॅसेट काढली. कुणीतरी एका लग्नात टेप लावून ठेवला होता आणि ती टेप फिरत फिरत शेठच्या हातात आली होती. शेठकडं होडीचं चित्र छापलेली पुष्कळ कार्डं पडून होती, तीच त्यांनी घातली होती.

"काय लिवलंय?" चांगुणाबाईनं विचारलं.

"कोळीगीते, भाग तीन."

म्हातारी रागावेल म्हणून अंजना तयार होती. पण तिनं डबी उलटीपालटी केली आणि होडीवर बोट ठेवलं. "ना ही काय?"

"होडी."

"माज्या गान्यान होरी खय हाय? आमी आगरी, गो. आमची भाताची शेतां. कोली दर्याचं." मग म्हणाली, "ना ह्या गानां पन नाय. यो धवला."

"धवला म्हणजे लग्नातलं गाणं ना?"

"गानां नाय," चांगुणाबाई पुन्हा म्हणाली, लहान मुलाला सांगावं तशी. "लगीन हाय तां. मी धवलारीन. मी बोल्ल्याबिगर हलद लागत नाय, मांडव उभा ऱ्हात नाय. बामन येल, मंतर बोलेल, पन आदी मी."

अंजनानं वही उघडली होती, पण लिहायचं काय ते तिला सुचेना. इतके दिवस ती गाण्यांची नावं जमवत होती, आणि ही बाई सांगत होती की मुळात हे गाणंच नव्हे. "एखादा म्हणून दाखवता का?" तिनं विचारलं.

"कुनाचं लगीन हाय?"

"कुणाचं नाही."

"मंग?"

मागच्या खोलीत टेकचंदशेठची आई बसलेली असायची. तिला सगळे अमा म्हणत. फाळणीनंतर आगबोटीनं आलेली, मराठीचा एक शब्द न शिकलेली. बायकांचा आवाज ऐकून ती दारात आली आणि शेठला सिंधीत काहीतरी विचारलं. शेठनी सांगितलं. अमा चांगुणाबाईकडं बघून मान हलवायला लागली आणि मग शेठलाच ओरडली.

"काय झालं?" अंजनानं विचारलं.

शेठ ओशाळले. "बोलते, मेरा लाडा भी तूने सिंधी के खण में डाला, फकीरों के कलाम के साथ. लाडा म्हणजे आमच्या शादीचे गाणे. बोलते, शादी नहीं तो लाडा नहीं, तेरे को शरम नहीं."

अमानं तरी दोन ओळी म्हटल्या, अगदी हळू, नियम मोडत असल्यासारख्या. चांगुणाबाईनं टोपली खाली ठेवून ऐकलं. शब्द तिला एकही कळत नव्हता.

"हलदीचां हाय ह्या," ती म्हणाली.

शेठनी आईला विचारलं. अमानं आपल्या डोक्यावर हात फिरवून दाखवला. नवऱ्यामुलाच्या डोक्याला तेल लावतात, त्या वेळचं होतं ते.

"तेल!" चांगुणाबाई खूश झाली. "आमच्यान तेल आदी, हलद मंग. एका दिसाचा फरक परला."

त्या दोघी नंतर कितीतरी वेळ हातवारे करून बोलत होत्या. जाताना चांगुणाबाई अंजनाला म्हणाली, "माघान ये गावान. लगीन हाय. मंग आयक."

अंजना गेली. दुपारी हळद होती. मांडवात चांगुणाबाई पाटाजवळ बसलेली, आणि दुकानात टोपली घेऊन आली होती ती बाई ही नव्हेच. तिच्या एका ओळीवर बायका उठत होत्या, दुसऱ्या ओळीवर हळदीची वाटी पुढं येत होती. काय करायचं ते कुणी कुणाला सांगत नव्हतं, धवलाच सांगत होता. अंजना कान देऊन ऐकत होती, पण तिला अर्धंच ऐकू येत होतं, कारण मांडवाबाहेर बँजो पार्टी लागली होती आणि गावातली तरुण मंडळी रुमाल फिरवत नाचत होती. कोळीगीतांवर!

नवरीचा भाऊ जनू घामाघूम होऊन पाणी प्यायला आला. अंजनानं त्याला गाठलं. "तुम्ही आगरी ना?"

"हो."

"मग कोळीगीतं कशी?"

जनूनं याचा कधी विचार केला नसावा. त्यानं गडवा खाली ठेवला. "आगरीच आहोत. पण नाचताना कोळी," तो म्हणाला, आणि आपल्यालाच हसला. "अहो, उरणपासून वसईपर्यंत कुठंही जा, हे लागलं की आपली पोरं उठतात. कंपनीत, कॉलेजात लोक विचारतात तुम्ही कोण. आगरी म्हटलं तर अर्ध्यांना माहीत नसतं. हे गाणं लावलं की म्हणतात, अच्छा, तुम्ही ते."

"आणि आत चाललंय ते?"

जनू आतल्या बाजूला बघून एकदम हळू बोलला. "ते आजीचं आहे. त्याच्यावर नाचत नाहीत." मग बाहेर जाऊन त्यानं बँजोवाल्यांना हात केला आणि हळद लागेपर्यंत वाजवणं थांबवलं. चांगुणाबाईनं मान वर करून बघितलं, आवाज मात्र जरासुद्धा वाढवला नाही.

घरी परत येताना अंजनाच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. कार्डावरचं नाव चुकीचं होतं, हे गृहीत धरून ती लग्नाला गेली होती. आता तिला ते इतकं सोपं वाटेना. होडी चांगुणाबाईला परकी वाटली होती आणि तीच होडी जनूला आपली वाटत होती.

तरी तिनं नवं कार्ड लिहिलं. 'धवला. आगरी लग्नविधी. धवलारीण चांगुणाबाई, बदलापूर गाव.' होडी नाही. शेठ म्हणाले, "धवला कौन पूछेगा? कोळीगीत लिख, लोग समजते हैं." तिनं ऐकलं नाही. पंचवीस कार्डं हातानं लिहून ती बदलापूरला घेऊन गेली आणि चांगुणाबाईला विचारलं, असं विकलं तर चालेल का?

चांगुणाबाईनं पुष्कळ विचार केला. "इक," ती म्हणाली. "पन ज्याच्या घरा लगीन हाय त्यालाच दे."

त्यामुळं १९८९च्या लग्नसराईत टेकचंदशेठच्या दुकानात असा प्रकार चालू झाला की, कुणी धवला मागितला की अंजना आधी विचारायची, "घरात लग्न आहे का?" नाही म्हणणाऱ्याला कॅसेट मिळत नसे. शेठनी कपाळावर हात मारला. "गिऱ्हाईक भगाते आणि पगार माझ्याकडून घेते!" पण अमानं आतून काहीतरी म्हटलं आणि ते पुढची कॅसेट भरायला लागले. आणि नवल म्हणजे लोक आले. बदलापूरच्या आसपासच्या, पार मुरबाडच्या बाजूच्या गावांतून आले. तिथल्या धवलारिणी वारल्या होत्या आणि नव्या कुणी झाल्या नव्हत्या.

वैशाख संपता संपता एक माणूस दुकानात नारळ, खण आणि नवं लुगडं घेऊन आला. धोंडिबा त्याचं नाव, चिखलोलीच्या पुढच्या वाडीतला. त्यांच्याकडं लग्नात धवलारीण मिळाली नाही, म्हणून पाटावर टेपरेकॉर्डर ठेवून हळद लावली होती. धवलारिणीचा मान कुणाला द्यायचा, यावर घरात वाद झाला. शेवटी बायकांनी टेपरेकॉर्डरला हळदकुंकू लावलं आणि मानाचं सामान त्याच्यापुढं मांडलं.

"आता हे ठेवून कसं घ्यायचं?" धोंडिबा म्हणाला. "ज्या बाईचा आवाज आहे तिला पोचवा."

अंजना दुसऱ्या दिवशी बदलापूरला गेली. चांगुणाबाई ओटीवर वाल सोलत होती. लुगडं तिनं मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही.

"त्या दिसाला मी घरा होतू," ती म्हणाली. "ताप होता मना. गोधरी घेऊन निजलू होतू. ना थय माज्या त्वांडानं लगीन लागला?"

"लागलं."

"बराबर लागला?"

"धोंडिबा म्हणाले, नीट पार पडलं. फक्त एकदा कॅसेट पालटावी लागली. तेवढा वेळ सगळे हात वर धरून उभे होते."

चांगुणाबाई हसली, पण पुरतं नाही. मग तिनं विचारलं, मधे नवरीच्या आईचं नाव घ्यायचं असतं, तिथं कुणाचं नाव आलं? अंजनाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. ज्या लग्नात टेप लावला होता, त्याच लग्नातल्या आईचं नाव सगळ्या गावांतून निघत होतं. त्या बाईला कुणी सांगितलंही नव्हतं. चांगुणाबाईनं बोटातली वालाची साल बाजूला टाकली. "लिव," ती म्हणाली. "समदा लिवून ठेव. जिथं नाव येतं तिथं जागा मोकली सोर. पन नुस्ता बोलून दाखवनार नाय मी. लगनान ये."

म्हणून पुढची तीन वर्षं अंजना लग्नांना गेली. टेकचंदशेठनी मधल्या काळात कॅसेटचा धंदा कमी करून टीव्ही दुरुस्ती चालू केली. अंजना बदलापूरच्या एका वाचनालयात लागली, तिथंही पुस्तकांच्या कपाटांवर काय लिहावं यावरून तिचे वाद झालेच. बबनचं लग्न झालं आणि त्याच्या हळदीला दोन्ही सेक्शनची पोरं एकत्र नाचली, असं तिनं ऐकलं. धर्मराज आणि बाळाजी अजून एकत्र गात होते आणि कार्डाचा विषय निघाला की अजून भांडत होते.

१९९२च्या फाल्गुनात कात्रपला एक लग्न होतं. चांगुणाबाईचा आवाज आता बसला होता. मांडवाचा धवला म्हणता म्हणता ती एका ओळीवर अडली. सगळा मांडव थांबला. अंजनाच्या वहीत ती ओळ होती, पण तिनं तोंड उघडलं नाही, तो तिचा हक्क नव्हता. तेवढ्यात नवऱ्यामुलाकडच्या बायकांतून एक वाकलेली म्हातारी पुढं सरकली. कौसाबाई तिचं नाव, पनवेलच्या बाजूची. तिनं ओळ उचलली आणि पुढं नेली. पण चाल वेगळी, आणि चांगुणाबाईच्या धवल्यात जिथं आंब्याची डहाळी येते, तिथं हिच्यात उंबराची आली.

हळद लागली. बायका पांगल्या तशी चांगुणाबाई कौसाबाईकडं वळली.

"उंबर कनाला? मांडवाला आंबा लागतं."

"तुमच्यान आंबा. आमच्यान आदी उंबर."

"मंग तो धवला दुसरा."

"दुसरा कसा? योच तो. तुमी अर्दा इसरलंस."

"मी इसरलू?" चांगुणाबाईनं पदर खोचला.

अंजना त्या दोघींच्या मधे जाऊन बसली. वहीचं पान तिनं मधोमध दुमडलं, पेनाचं टोपण दातात धरलं आणि म्हणाली, "थांबा, थांबा. कौसाबाई, तुमचा पहिल्यापासून सांगा. उंबर कुठून येतो?"